दोऱ्याखाली

लोक म्हणतात, ऑर्विल डायकेमाचं डिझाइन मी उचललं.
लोक म्हणजे ब्राइस, टोलीडोचा,
सत्तावीस वर्षांचा, हप्त्यावर लेथ घेतलेला.
त्याच्या फोटोत माझा क्यू आणि ऑर्विलचा क्यू
एका कुशीवर झोपलेत जुळ्यांसारखे:
चार लांब टोकं, त्यांना हिरव्या-केशरी पापुद्र्यांची किनार,
आणि मुठीखाली शिंपल्याचं एक पान,
किंचित डावीकडे कललेलं.
मी नाकारलं नाही.
कललेलं आहे खरं.

हॅनकॉकला जानेवारीत बर्फ अर्ध्या खिडकीपर्यंत येतो.
दुकानात लाकूड असतं, रेडिओ असतो, मी असते.
मेपलची काठी एकदा तासायची, तीन महिने टांगायची,
केसभर तासायची, पुन्हा टांगायची.
लाकडाला घाई केली की ते सूड उगवतं.
हे वाक्यही ऑर्विलचंच.
तेवढं ब्राइसच्या नजरेतून सुटलं.

गुरुवारी वर्ना साल्मिनेन आली,
नवऱ्याचा क्यू टॉवेलात गुंडाळून.
नवरा नोव्हेंबरात गेला.
क्यू नंतर गाडीच्या दारात सापडला, मुठीपाशी चिरला.
ऑर्विलचा, एकसष्ट सालचा.
“दुरुस्त कर,” म्हणाली, “पण नवा दिसू देऊ नकोस.”

दोरा उसवायला घेतला.
आयरिश लिनन, घामानं काळवंडलेलं,
एका तळहाताचं चाळीस वर्षांचं मीठ त्यात.
वेढ्यामागून वेढा सुटत गेला, बाकावर ढीग झाला,
खाली उघडं लाकूड, आणि लाकडावर पेन्सिल.
ऑर्विलचं तिरकं अक्षर:
‘टोकं काझिमिरची.
पान त्याच्या बायकोनं भरलेल्या टेबलक्लॉथवरचं.
कललंय, कारण तिचा टाका चुकला.’

काझिमिर कोण, मला माहीत नाही.
मस्कीगनच्या कारखान्यात डझनावारी काठ्या निघायच्या,
तिथे टोकं एकमेकांत बसवणारे हात होते,
दिवसाला इतके नग, नाव कुठेच नाही.
ऑर्विल त्या जुन्या काठ्या विकत घ्यायचा,
मधून कापायचा, पितळी सांधा बसवायचा,
बुडाशी आपलं नाव कोरायचा.
लोक त्या नावाचे पैसे मोजायचे.
आणि उधारी लिहून ठेवायचा तिथे,
जिथे काठी मोडल्याशिवाय कुणी पोचणार नाही.
हा प्रामाणिकपणा की लबाडी,
दुपारभर ठरवत बसले.
कॉफी गार झाली.

आमच्याकडे विली लावतात, ताणलं की तार धरणारं दही.
विरजण म्हणे फिनलंडहून बोटीनं आलं, रुमालावर वाळवून.
माझं एकदा मेलं, तेव्हा टोइनीकडून वाटीभर आणलं.
तिनं दिलं. हिशोब ठेवला नाही.
आणि दूध तर माझंच होतं.
हे ब्राइसला लिहिणार होते.
मग वाटलं, फार सोयीचं आहे.
सोयीच्या गोष्टी मी गिऱ्हाइकांना सांगते.

खरं हे, की पहिल्या हिवाळ्यात
ऑर्विलचा क्यू मी ट्रेसिंग पेपरवर गिरवला होता.
पान डावीकडे का, विचारलं नाही.
तेव्हा तो जिवंत होता, दोन रस्ते पलीकडे राहायचा.
एका बाईची चूक गिरवली
आणि वीस वर्षं तिला माझी शैली म्हणत आले.

वर्नाची काठी सांधली.
नवा दोरा चढवण्याआधी, ऑर्विलच्या ओळीखाली
जागा होती तिथे लिहिलं:
‘चीर जोडली. आइली, हॅनकॉक.’
दोरा मुद्दाम चहाच्या पाण्यात बुडवून घेतला.
वर्नानं मूठ धरून पाहिली, बराच वेळ.
काही बोलली नाही, पैसे दिले.

ब्राइसला दोन ओळी पाठवल्या:
पान एका चुकलेल्या टाक्याचं आहे, हवं तर घे.
कुठून घेतलंस ते दोऱ्याच्या वर लिही.
आम्हाला जमलं नाही.

लेथवर नवी काठी आहे.
पान कापून झालंय, बसवलेलं नाही.
चिमट्यात धरून फिरवून बघते.
उजवीकडे खोटं दिसतं.
डावीकडे उसनं.
सरळ ठेवलं तर पानच राहत नाही,
नुसता शिंपला.